रंग सुधारायचा असेल तर आधी एक्स्पोजर

आपण तीन तक्रारी एकत्र मांडल्या आहेत. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सूर्यास्त टिपताना एक तर आकाश पांढरे होते किंवा पलीकडच्या काठावरचा शालिनी पॅलेस काळा पडतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल फोटोत सपाट गुलाबी डागासारखा दिसतो. तालमीतल्या पैलवानांच्या अंगाचा रंग कधी हिरवट तर कधी विटकरी येतो. आता कॅमेरा बदलावा, लेन्स बदलावी की एडिटिंगचे सॉफ्टवेअर शिकावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते यांपैकी कशालाही आत्ताच हात लावण्याची गरज नाही. तिन्ही तक्रारी वरवर वेगळ्या दिसल्या आणि त्यांतल्या दोन रंगाच्या वाटल्या, तरी त्यांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे, आणि ते एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घेतला त्यात, आहे. व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे प्रकाशाची छटा काढून पांढरे पांढरेच दिसेल असा तोल साधण्याचा, भाग निश्चितच येतो, पण तो नंतर येतो.

हे असे का होते, हे समजण्यासाठी कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर रंग कसा नोंदवतो ते पाहावे लागेल. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. त्याला फक्त प्रकाश किती पडला एवढेच कळते. म्हणून त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी शोधली आणि 1976 मध्ये तिचे पेटंट मिळाले. आजही बहुतेक कॅमेऱ्यांत निम्मे पिक्सेल हिरव्याचे, एक चतुर्थांश लालचे आणि एक चतुर्थांश निळ्याचे असतात. या तिन्हींच्या प्रमाणावरून कॅमेरा रंग ठरवतो. म्हणजे रंग हे एक गुणोत्तर आहे, आणि तिन्ही आकडे खरे असतील तोवरच ते गुणोत्तर खरे राहते.

सूर्यास्ताच्या केशरी आकाशात लाल भरपूर, हिरवा त्याच्या साधारण निम्मा आणि निळा अगदी थोडा असतो. अशा आकाशाला गरजेपेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश दिला की लाल चॅनल (लाल रंगाची नोंद) कमाल मर्यादेला जाऊन थांबतो, हिरवा मात्र दुप्पट होत वर येतो आणि लालच्या बरोबरीला पोहोचतो. लाल आणि हिरवा समान झाले की पिवळा दिसतो. आणखी प्रकाश दिला की निळाही वर येतो आणि उरतो तो पांढरा. केशरी आकाश फोटोत आधी लिंबासारखे पिवळे आणि मग पांढरे का होते, याचे उत्तर एवढेच आहे. घागर भरून वाहिली की वर किती पाणी पडले याचा हिशेब राहत नाही, तसेच या पिक्सेलचे होते. नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ते आकाश गडद केले तरी केशरी परत येत नाही, राखाडी येतो. उलट बाजूला, प्रकाश फारच कमी दिला तर प्रत्येक चॅनलमध्ये खऱ्या नोंदीपेक्षा नॉइजचा, म्हणजे निरर्थक गोंधळाचा, वाटा मोठा होतो. मग अंधारा भाग उजळवला की त्यात जांभळट आणि हिरवट ठिपके उमटतात, आणि त्यालाच आपण रंग बिघडला असे म्हणतो.

आता मीटरकडे वळू. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो, आणि समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. पूर्वापार 18 टक्के परावर्तनाचे जे करडे कार्ड वापरले जाते ते याच गृहीतकाचे रूप आहे. पंचगंगेच्या घाटावर धुतल्या जाणाऱ्या काळ्या म्हशीने फ्रेम भरली तर मीटर तिला करडी करून टाकतो, आणि बेंदराला सजवलेल्या पांढऱ्या खिलार बैलाने फ्रेम भरली तर तोही करडाच येतो. म्हशीसाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मोजणीत आपण केलेली वाढ-घट) उणे एक ते दीड स्टॉप, आणि बैलासाठी अधिक एक, असे ठेवून पाहिले की म्हैस काळी आणि बैल पांढरा येतो. पावसाळ्यात पन्हाळ्यावर तीन दरवाजाजवळ धुके उतरते तेव्हाही हेच घडते: धुके पांढरे, मीटर त्याला करडे करतो आणि सगळा फोटो मळकट दिसतो. तेथेही अधिक दोन तृतीयांश ते एक द्यावे. यात मीटर चुकत नाही. त्याला म्हैस आणि बैल यांतला फरक कळावा अशी अपेक्षाच ठेवता येत नाही. तो फरक आपल्याला सांगावा लागतो.

माणसांच्या बाबतीत मी आपल्याला तळहाताची जुनी युक्ती सुचवेन. अंगाचा वर्ण गोरा असो वा सावळा, बहुतेकांचा तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. ज्या प्रकाशात समोरची व्यक्ती उभी आहे त्याच प्रकाशात आपला तळहात धरावा, स्पॉट मीटरिंगने (फ्रेममधला छोटा भागच मोजण्याच्या सोयीने) तो मोजावा आणि आलेल्या मोजणीपेक्षा एक स्टॉप जास्त एक्स्पोजर मॅन्युअलमध्ये लावावे. मग त्या व्यक्तीच्या अंगावर पांढरा सदरा असो वा काळी घोंगडी, चेहरा योग्य येतो. चेहऱ्यावरच थेट स्पॉट मीटर लावायचा असेल तर गव्हाळ वर्णाचा चेहरा मध्यम करड्याच्या आसपास किंवा त्याहून थोडा उजळ असतो, तर सावळा चेहरा त्याच्या खाली असतो, हे लक्षात ठेवावे. सावळ्या माणसाचा चेहरा मीटरच्या भरवशावर करडा उजळ करून ठेवण्याची आपल्याकडे लग्नाच्या अल्बममध्ये जी पद्धत पडली आहे, ती मला तंत्राच्या आणि सौजन्याच्या अशा दोन्ही दृष्टींनी चुकीची वाटते.

शटर, ॲपर्चर आणि आयएसओ यांचा परस्परसंबंध आपल्याला माहीत आहे असे प्रश्नावरून दिसते, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. एवढेच सांगतो की शटर आणि ॲपर्चर प्रकाश किती घ्यायचा ते ठरवतात, तर आयएसओ घेतलेल्या प्रकाशाची नोंद किती वाढवून करायची ते ठरवतो. त्यामुळे पहिल्या दोन गोष्टी विषयाच्या गरजेनुसार ठरवाव्यात आणि आयएसओ उरलेल्या हिशेबासाठी ठेवावा.

रंकाळ्याचे दृश्य घ्या. पूर्वेच्या चौपाटीवरून पश्चिमेकडे पाहिले की तळपते आकाश, त्याचे पाण्यातले प्रतिबिंब आणि प्रकाशाकडे पाठ करून उभी असलेली राजवाड्याची इमारत हे सगळे एकाच फ्रेममध्ये येते. आकाश आणि इमारतीची छाया यांच्यातले अंतर कॅमेऱ्याच्या क्षमतेच्या काठावर किंवा पलीकडे असते. येथे पहिला निर्णय तंत्राचा नसून पसंतीचा आहे: आपल्याला काय वाचवायचे आहे? माझे उत्तर बहुधा आकाश असे असते, कारण इमारतीची बाह्याकृती काळी राहिली तरी चित्र उभे राहते, पण आकाश जळले तर सूर्यास्तच उरत नाही. त्यासाठी सूर्य फ्रेमबाहेर ठेवून, त्याच्या शेजारच्या केशरी पट्ट्यावर स्पॉट मीटर लावावा, त्याला मध्यमपेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ ठेवावे, एक्स्पोजर लॉक करावे आणि मग फ्रेम परत जुळवावी. सूर्याची चकती स्वतः पांढरी राहील, ती राहू द्यावी. तिच्याभोवतीचे वलय मात्र पसरट होता कामा नये. प्रकाश अजून प्रखर असताना टेलीलेन्समधून थेट सूर्याकडे ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरने पाहू नये. डोळ्यांना इजा होते.

इमारतही हवी असेल तर तीन मार्ग आहेत. पहिला, रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घेऊन छाया नंतर दोन-तीन स्टॉप उजळवणे. अलीकडच्या कॅमेऱ्यांत कमी आयएसओवर हे बऱ्यापैकी जमते. दुसरा, ट्रायपॉड लावून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घेणे आणि नंतर त्या जोडणे. पाण्यावर नाव किंवा पक्षी हलत असतील तर जोडणी फसते. तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत: थांबावे. सूर्य बुडाल्यानंतर आकाशाचा प्रकाश झपाट्याने उतरत जातो आणि काठावरचे दिवे लागतात, तेव्हा मधली काही मिनिटे अशी येतात की आकाश, पाणी आणि इमारत यांचा प्रकाश जवळपास एका पातळीवर असतो. आपल्या अक्षांशावर सूर्य तिरका न जाता बराचसा सरळ खाली जातो, त्यामुळे नागरी संधिप्रकाश, म्हणजे सूर्य बुडाल्यानंतरचा बऱ्यापैकी उजेड, अवघा 22 ते 24 मिनिटांचा असतो. युरोपातल्या छायाचित्रकारांनी लिहिलेले तासाभराच्या निळ्या प्रकाशाचे वर्णन येथे लागू पडत नाही. सूर्य बुडाला म्हणून भेळेच्या गाडीकडे वळणारे लोक नेमकी हीच मिनिटे घालवतात. आबालाल रहिमान यांनी याच परिसराची निसर्गचित्रे केली; चित्रकार डोळे किलकिले करून दृश्यातली छाया आणि उजेड तोलतात, ती सवय कॅमेरा घेतलेल्यानेही लावून घ्यावी. डोळे अर्धवट मिटल्यावर जो भाग पूर्ण काळा दिसतो, तो फोटोतही काळाच येणार आहे.

रॉ की जेपीईजी या प्रश्नावर मतभेद पुष्कळ आहेत. जेपीईजीमध्ये प्रत्येक चॅनलला 256 पायऱ्या असतात, तर 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. शिवाय रॉमधली नोंद सरळ प्रमाणात असल्यामुळे सर्वांत उजळ एका स्टॉपलाच त्यातल्या निम्म्या, म्हणजे 8,192 पायऱ्या मिळतात, त्याखालच्या स्टॉपला 4,096, आणि असे निम्मे-निम्मे होत छायेच्या वाट्याला मूठभर पायऱ्या उरतात. म्हणूनच जाणकार लोक सांगतात की उजळ भाग जळू न देता एक्स्पोजर शक्य तितके वर, म्हणजे हिस्टोग्रामच्या (डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणाऱ्या आलेखाच्या) उजव्या बाजूला न्यावे आणि नंतर खाली आणावे. कमी आयएसओवर, स्थिर दृश्यात आणि वेळ असेल तेव्हा हा सल्ला योग्य आहे. धावपळीच्या प्रसंगात मी तो पाळत नाही. तेथे अर्ध्या स्टॉपची मोकळी जागा उजवीकडे सोडलेली बरी.

हिस्टोग्रामविषयी एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही, आणि आपल्या गुलालाच्या तक्रारीचे उत्तर तिच्यातच आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नेहमी दिसणारा पांढरा हिस्टोग्राम उजळपणाचा असतो. उजळपणा काढताना हिरव्याला सर्वांत मोठे वजन दिले जाते, साधारण 60 ते 70 टक्के. लालला साधारण त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी आणि निळ्याला तर जेमतेम दहाव्या हिश्शाच्या आसपास. गुलालात हिरवा फारच थोडा असतो. त्यामुळे जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांवर गुलाल-खोबऱ्याची उधळण होते तेव्हा भर उन्हात लाल चॅनल पूर्ण भरून गेलेला असतो, निळाही वर चढलेला असतो, पण पांढरा हिस्टोग्राम मात्र मधोमध, निर्धास्त दिसत असतो. फोटोग्राफर समाधानाने पुढे जातो. घरी येऊन पाहतो तर गुलालाचे कण, त्यातली धूळ, फेट्याच्या घड्या, सगळे एका गुलाबी थरात बुडालेले असते.

यावरचा उपाय साधा आहे. मेनूमध्ये जाऊन तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करावा आणि गुलाल, झेंडू, लाल शालू, भगवा झेंडा असे गडद रंग असतील तेव्हा फक्त त्या-त्या चॅनलकडे पाहावे. लालचा आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावा. चेहरे थोडे गडद येतील. ते नंतर उजळवता येतात, गुलालाचा पोत परत आणता येत नाही. दुसरे, कॅमेऱ्यातले पिक्चर प्रोफाइल व्हिव्हिड किंवा लँडस्केपवर असेल तर ते न्यूट्रलवर आणावे. रॉ घेत असलात तरी हे करावे, कारण पडद्यावरचा हिस्टोग्राम रॉवरून नव्हे तर कॅमेऱ्याने आत तयार केलेल्या जेपीईजीवरून काढलेला असतो, आणि व्हिव्हिडमध्ये तो कॅमेरा स्वतःच लाल वाढवून मग लाल जळल्याची सूचना देतो. व्हाइट बॅलन्समुळेही लाल आणि निळा चॅनल ठरावीक पटीने वाढवले जातात. म्हणून पडद्यावर जळालेला दिसणारा गुलाल रॉमध्ये पुष्कळदा शाबूत असतो; जेपीईजी घेणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. जाता जाता एवढेच की यात्रेत डोंगरावर लेन्स बदलू नये, कारण तो बारीक गुलाल सेन्सरवर एकदा बसला की साफ करायला त्रास होतो.

आता तालमीकडे. आपल्या शहरातल्या जुन्या तालमींत प्रकाश बहुधा एखाद्या झरोक्यातून किंवा दारातून येतो, त्याला ट्यूबलाइटची जोड असते आणि खाली हळद, ताक, तेल घालून मळलेली तांबडी माती असते. ही माती स्वतःच एक प्रकाशस्रोत आहे. झरोक्यातून पडलेला उजेड मातीवर आपटून तांबडा होऊन वर येतो आणि पैलवानाच्या हनुवटीखाली, पोटऱ्यांवर, दंडाच्या खालच्या बाजूला पसरतो. वरून पडणारा प्रकाश निळसर, ट्यूबचा हिरवट आणि खालचा तांबडा, असे तीन रंग एकाच शरीरावर असतात. ऑटो व्हाइट बॅलन्स फ्रेममध्ये तांबडे खूप आहे असे पाहून त्याचा तोल साधण्यासाठी सगळ्या फोटोत निळा-हिरवा मिसळतो. पुढच्या फ्रेममध्ये भिंत जास्त आणि माती कमी आली की तोल बदलतो आणि अंग विटकरी होते. आपली 'कधी हिरवट, कधी विटकरी' ही तक्रार येथून निघते.

म्हणून तालमीत ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवावा. करडे कार्ड घेऊन हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला, मुख्य प्रकाश जेथून येतो त्या दिशेला तोंड करून उभे धरावे आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावावा. कार्ड आडवे किंवा मातीकडे झुकलेले असेल तर त्यावर मातीचा तांबडा चढतो आणि सगळे माप चुकते. कार्ड नसेल तर केल्विनमध्ये (प्रकाशाची रंगछटा मोजण्याच्या एककात) आकडा द्यावा: भर दिवसाच्या उन्हाला सुमारे 5,200 ते 5,500, ढगाळ हवेला 6,000 ते 6,500, उघड्या सावलीला 7,000 ते 8,000 आणि पिवळ्या बल्बला किंवा हॅलोजनला 2,700 ते 3,200. झरोक्यातून येणारा उजेड आकाशाचा असतो, ऊन थेट आत येत नसते, म्हणून 6,000 च्या आसपास सुरुवात करावी. माती तांबडी दिसलीच पाहिजे, आणि अंगाच्या खालच्या बाजूला तिची छटा राहिली तर ती पुसू नये. प्रत्येक रंगछटा काढून टाकलेला तालमीचा फोटो बरोबर असतो, पण तो कोठल्याही जिममधला वाटतो.

शटरचा प्रश्न येथे रंगाशी जोडलेला आहे. धोबीपछाड किंवा ढाक टिपायची तर सेकंदाचा 500 वा भाग तरी लागतो. आपल्याकडे विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे, म्हणून जुन्या चोकच्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात, आणि त्या चढ-उतारात त्यांचा रंगही बदलतो. शटर त्याहून वेगवान असला की एक फ्रेम उजळ, दुसरी गडद आणि पिवळी, तिसरीत अर्ध्या भागावर पट्टा, असे होते. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची, म्हणजे हा चढ-उतार चुकवण्याची, सोय असेल तर ती चालू करावी. नसेल तर वस्तादांना विनंती करून, पुरेसा उजेड असल्यास ट्यूब बंद कराव्यात. झरोक्याचा एकच प्रकाश तसाही जास्त देखणा दिसतो. स्थिर चित्रांसाठी, म्हणजे जोर-बैठका संपवून बसलेला मल्ल किंवा माती मळणारे हात यांच्यासाठी, 100 वा किंवा 50 वा भाग ठेवला की फ्लिकरचा प्रश्नच राहत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर अशा प्रकाशात वापरू नये.

आयएसओची भीती सोडावी. एफ 2.8 वर 3,200 किंवा 6,400 लागला तर लावावा. जेपीईजीमध्ये 1,600 वर गडद घेतलेला आणि नंतर दोन स्टॉप उजळवलेला फोटो, 6,400 वर नीट घेतलेल्या फोटोपेक्षा रंगाने निश्चितपणे वाईट असतो. रॉमध्ये आधुनिक सेन्सरवर हा फरक कमी असतो, पण गडद घेण्याचा तेथेही काही लाभ नाही, उजळ भाग वाचवण्याचा हेतू असेल तरच ते करावे.

लग्नाच्या मांडवाबद्दल आपण विचारले नाही, पण कॅमेरा हाती असला की आज ना उद्या चुलत्यांच्या घरचे कार्य येतेच, म्हणून थोडे लिहितो. रंगीत कापडाचा मांडव ही एक मोठी गाळणीच आहे. लाल-पिवळ्या कापडातून ऊन आले की त्याखालचे चेहरे, पांढरे फेटे, अक्षता सगळेच पिवळे होते. सगळीकडे तोच प्रकाश असेल तर व्हाइट बॅलन्सने काम भागते. खरी अडचण दोन रंगांचे प्रकाश एकत्र आले की होते: वरून पिवळे कापड, समोर हॅलोजन, बाजूला व्हिडिओवाल्याचा पांढरा एलईडी. अशा वेळी एकच प्रकाश मुख्य मानून बाकीच्यांना त्याच्याशी जुळवून घ्यावे. हॅलोजन मुख्य असेल तर फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जेल (फ्लॅशचा प्रकाश पिवळसर करणारी पारदर्शक पट्टी) लावून व्हाइट बॅलन्स 3,200 च्या आसपास ठेवावा. व्हिडिओवाल्याच्या दिव्याला रंग बदलण्याची सोय असेल तर कार्य सुरू होण्यापूर्वी त्याच्याशी गोड बोलून तोही तेवढ्यावर आणून घ्यावा. फ्लॅश बाऊन्स करायचा, म्हणजे कशावर तरी आपटवून परत आणायचा, तर पांढऱ्या छतावर किंवा भिंतीवर करावा. लाल कापडावर मारलेला फ्लॅश लाल होऊनच परत येतो. जवळ काही नसेल तर पांढरा थर्मोकोल कोणाच्या तरी हाती द्यावा. मिरवणुकीतल्या निळ्या-जांभळ्या एलईडीचे गणित वेगळे आहे: त्या प्रकाशात वर्णपटाचा एक अरुंद तुकडाच असतो, त्यामुळे चेहऱ्याचा नैसर्गिक रंग कोणत्याही व्हाइट बॅलन्सने मिळत नाही. तेथे निळा चॅनल पाहून एक्स्पोजर कमी करावे आणि तो रंग त्या रात्रीचा भाग म्हणून स्वीकारावा. लेसरचा झोत मात्र थेट लेन्समध्ये येऊ देऊ नये. सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो.

पावसाळ्यातली हिरवाई हा आपल्या भागातला आणखी एक फसवा विषय आहे. ऊस आणि भाताच्या ओल्या पानांवर आकाशाची चकाकी असते, ती पांढरट थर चढवते आणि हिरवा फिका दिसतो. मग एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन वाढवले जाते आणि शेत प्लॅस्टिकचे दिसू लागते. त्याऐवजी लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर लावून तो फिरवत चकाकी कमी करावी. दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो, पण पानाचा स्वतःचा रंग उघडा पडतो. नवीन खरेदी करायचीच असेल तर मी आपल्याला लेन्सऐवजी हा एक फिल्टर आणि एक करडे कार्ड घ्यायला सांगेन.

एडिटिंगमध्ये क्रम पाळावा: आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग उजळ भाग आणि छाया, आणि रंगांची वाढ-घट सर्वांत शेवटी. एक्स्पोजर बदलले की रंगाचा गडदपणाही बदलतो, त्यामुळे उलट क्रमाने काम केले तर तेच काम दोनदा करावे लागते. सॅच्युरेशन सगळे रंग सरसकट वाढवते. व्हायब्रन्स फिके रंग जास्त वाढवते आणि त्वचेचे रंग सांभाळते, म्हणून माणसांच्या फोटोंत तेच वापरावे, तेही बेताने.

हे सारे ज्या पडद्यावर पाहायचे तो पडदा खोटा असेल तर सगळा हिशेब फसतो. फोनचा व्हिव्हिड मोड बंद करून नैसर्गिक रंगांचा मोड लावावा. संगणकाचा मॉनिटर कॅलिब्रेटरने 6,500 केल्विन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचे माप) 2.2 वर आणावा, आणि उजळपणा चौरस मीटरला सुमारे 100 ते 120 कॅंडेला ठेवावा. दुकानातून आणलेला मॉनिटर साधारणपणे याच्या दुप्पट-तिप्पट प्रखर असतो. त्यावर फोटो उजळ दिसतो म्हणून आपण तो गडद करून लॅबला देतो, आणि प्रिंट काळी आली म्हणून लॅबवाल्याशी वाद घालतो. फाइल देताना ती एसआरजीबी या सर्वसाधारण वापराच्या रंगपद्धतीत द्यावी, जोवर लॅब दुसरे काही मागत नाही तोवर. अडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीतली फाइल रंगव्यवस्थापन न जाणणाऱ्या यंत्रावर किंवा ॲपमध्ये उघडली की फिकी आणि मरगळलेली दिसते, आणि मग दोष पुन्हा कॅमेऱ्यावर येतो.

अल्बम किंवा मोठी प्रिंट देण्यापूर्वी एक छोटी चाचणी प्रिंट काढून घ्यावी. तिच्यात एक गव्हाळ चेहरा, एक पांढरे कापड, एक गडद लाल आणि करड्या कार्डाची एक फ्रेम असावी. ती प्रिंट दिवसा खिडकीपाशी, उन्हात न धरता पाहावी आणि शेजारी मॉनिटरवर तीच फाइल उघडावी. करडे कार्ड प्रिंटमध्ये करडे असेल आणि चेहरा जुळत नसेल तर दोष बहुधा आपल्या पडद्याचा किंवा एडिटिंगचा आहे. कार्डच हिरवट किंवा गुलाबी आले आणि फाइलमध्ये त्याचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखे असतील, तर ती प्रिंट तशीच लॅबमध्ये परत न्यावी. कोणताही चांगला लॅबवाला ते कार्ड पाहून यंत्राचा तोल लगेच दुरुस्त करून देतो.